दहा बाय आठच्या खोलीचा रंग

नागपूरला सारा देश संत्र्यांचे शहर म्हणतो. मेट्रो आली तेव्हा तिच्या एका मार्गिकेलाही 'ऑरेंज लाईन' हेच नाव मिळाले. पण उत्तर नागपुरात पाऊस ओसरू लागला की घराघरांत रंगाचा जो विषय निघतो, तो संत्र्याचा नसून भिंतींचा असतो. आपल्या घरांत रंगकामाला मुहूर्त लागत नाही, निमित्त लागते. अशी निमित्ते दोन. एक अशोक विजयादशमी आणि दुसरे १४ एप्रिल. बाहेरच्या भिंतीला कोणता रंग द्यावा यावर घरात फारसा वाद होत नाही. विहाराजवळची गल्ली असेल तर निळ्या आणि पिवळ्याशेजारी आपलेही घर शोभून दिसावे एवढेच पाहिले जाते. खरा वाद होतो तो आतल्या लहान खोलीवरून. त्या खोलीत माणूस झोपतो, अभ्यास करतो, आजारी पडला तर तिथेच पडून राहतो. म्हणून तिच्या रंगाचा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही.

आमच्या परिचयाच्या एका घरी हा वाद ऐन रंगात आला होता. वडील ऑटो चालवतात, आई एका दवाखान्यात आया आहे. मागची पडवी बंद करून त्यांनी दहा बाय आठची एक खोली काढली. ती मिळाली मुलीला आणि आजीला. मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. खोली पश्चिमेकडची. खिडकी एक, आणि उन्हाळ्यात त्याच खिडकीत कूलर बसणार. थोरल्या भावाचे म्हणणे, खोली गडद निळी करा, आपला रंग आहे. दुकानदाराने वडिलांना सांगितले होते की वास्तुशास्त्राप्रमाणे अशा खोलीला गुलाबीच चालतो. आईला मळखाऊ रंग हवा होता. वडिलांना खर्चाचा आकडा हवा होता. आजी म्हणाली, "काय व पोरी, चुन्यात नीळ टाकली की झालं. एवढा पैसा कायले घालता?" मुलीला काय हवे हे मात्र कोणी विचारले नव्हते. आम्ही बेरीज-वजाबाकीची माणसे म्हणून आम्हाला मध्यस्थीला बोलावले. आम्ही म्हटले, निकाल नंतर. आधी शनिवार-रविवार नागपूरचे रंग पाहून येऊ. मुलगी आणि तिची आई तयार झाल्या.

शनिवारी संध्याकाळी आम्ही इतवारीत लोहाओळीकडे गेलो. पूर्वी रंगाच्या दुकानात चुन्याची पोती, नीळ, गेरू, डिंक आणि डिस्टेंपरचे मोजके चार रंग असत. आता यंत्र बसवले आहे. कार्डावरचा क्रमांक सांगितला की पांढऱ्या डब्यात थेंब पडतात आणि हवा तो रंग घुसळून मिळतो. कार्डावर शेकडो छटा असतात. मुलीने ते कार्ड ट्यूबलाईटखाली पाहिले, मग दुकानाबाहेर येऊन उरलेल्या उजेडात पाहिले आणि म्हणाली, "काका, हा तर दोन ठिकाणी दोन रंगाचा दिसतो." रंगाच्या बाबतीतली पहिली गोष्ट तिला तिथेच कळली. रंग एकटा दिसत नाही, तो उजेडाबरोबर दिसतो. दुसरी गोष्ट दुकानातल्या वयस्क माणसाने सांगितली आणि ती प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. लहान खोलीत चारही भिंती एकमेकींवर आपला रंग टाकतात. त्यामुळे कार्डावर दिसतो त्यापेक्षा भिंतीवर रंग गडद भासतो. म्हणून मनात भरलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकी छटा घ्यावी.

हिशोबही तिथेच केला. दहा आणि आठची खोली म्हणजे चार भिंतींची लांबी मिळून ३६ फूट. उंची ९ फूट. ३६ गुणिले ९ म्हणजे ३२४ चौरस फूट. त्यातून दाराचे २१ आणि खिडकीचे १२ वजा केले की २९१ उरतात. छत ८०. साधे इमल्शन एका लिटरमध्ये दोन हात धरून साधारण १०० चौरस फूट जाते. म्हणजे भिंतींना तीन लिटर आणि छताला एक लिटर पुरते. डब्यावरचा आकडा गुळगुळीत भिंतीचा असतो, खरबरीत भिंत जास्त रंग पिते, म्हणून थोडा हात राखून धरावा. हा हिशोब घरूनच कागदावर करून नेला तर कोणी दहा लिटरचा डबा गळ्यात मारत नाही.

रविवारी सकाळी इंदोऱ्याच्या गल्ल्यांतून फिरलो. एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली आणि पुढे अनेक पिढ्या या भागातील आपली माणसे भोंग्यावर उठली, पाळीला गेली. ज्यांचा दिवस कापसाच्या धुळीत गेला त्यांनी घर मात्र स्वच्छ ठेवले. मातीच्या भिंतींना पोतारा, मग चुना, मग डिस्टेंपर अशी घरांची वाट आहे. आजीचा चुना म्हणूनच हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चुना भिंतीवर बुरशी धरू देत नाही, स्वस्त असतो आणि निळीमुळे त्याचा पिवळेपणा मरतो. अंगाला लागू नये म्हणून जुने लोक त्यात डिंक घालत. दोष एवढाच की तो पुसता येत नाही आणि दर वर्षी द्यावा लागतो.

इंदोरा बुद्ध विहाराचे नाव भदन्त आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांच्यामुळे दूरवर गेले. जपानहून आलेला हा भिक्खू नागपूरचाच होऊन गेला. विहारात चीवर पाहताना मुलीच्या आईने विचारले, "भन्तेजींचा हा रंग कोणी ठरवला?" विनयात याचे उत्तर आहे. भिक्खूंनी चीवर रंगवायला मुळे, खोड, साल, पाने, फुले आणि फळे यांपासून काढलेला रंग वापरावा अशी मुभा तथागतांनी दिली. म्हणजे जंगलात फुकट मिळणारी वस्तू घ्यायची, ती उकळायची आणि जो टिकाऊ रंग येईल तो अंगावर घ्यायचा. थाटासाठी रंग नाही, गरजेसाठी रंग. विहारावरच्या पंचशील ध्वजात निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी असे पाच रंग आहेत. हा ध्वज १८८५ साली कोलंबोत तयार झाला आणि पुढे जगभरच्या बौद्धांनी स्वीकारला. पाचही रंग आपले आहेत. त्यामुळे निळा लावला तरच घर आपले, असा हट्ट धरण्याचे कारण नाही. निळ्याचा मान मोठाच आहे. १९४२ च्या जुलैत याच नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली, आणि निळ्या झेंड्याखाली आपली माणसे उभी राहिली. पण झेंडा उन्हात, वाऱ्यात, उंचावर फडकतो. तोच गडद निळा आठ फुटांच्या खोलीत रात्रीच्या दिव्याखाली कसा वागतो, हा प्रश्न वेगळा आहे.

इंदोरा चौकातून मेट्रोने रहाटे कॉलनीला उतरलो आणि ऑटोने दीक्षाभूमीवर गेलो. स्तूपाचे आर्किटेक्ट शिवदानमल. १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. घुमटाची उंची १२० फूट आणि व्यासही तेवढाच. लांबून तो शुभ्र पांढरा वाटतो. जवळ गेल्यावर कळते की धोलपूरच्या दगडाची छटा किंचित पिवळसर आहे. दुपारच्या उन्हातही त्याच्याकडे पाहून डोळे मिटावेसे वाटत नाहीत ते त्यामुळेच. मुलगी म्हणाली, "काका, असा पांढरा चालेल." आम्ही म्हटले, लिहून ठेव.

पांढऱ्या रंगाचे आणि या भूमीचे नाते जुने आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी भदन्त चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेताना बाबासाहेबांनी पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट परिधान केला होता, आणि लाखो माणसे शुभ्र वस्त्रांत आली होती. त्या कपड्यांचा अर्थ कळायला थोडे मागे जावे लागते. बाबासाहेबांनी 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या १९३६ च्या ग्रंथात इंदूर जिल्ह्यातील बलाई समाजाची हकीकत दिली आहे. १९२८ च्या जानेवारीत ती वृत्तपत्रात आली होती. तिथल्या गावोगावच्या सवर्णांनी बलाईंना बजावले होते की त्यांनी जरीकाठी पागोटे बांधू नये, रंगीत किंवा नक्षीदार काठाचे धोतर नेसू नये, त्यांच्या बायकांनी झुळझुळीत कपडे आणि सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत. नकार देणाऱ्यांना विहिरीचे पाणी तोडले, गुरांची वाट अडवली. कारण काय, तर धोतराचा काठ. आपल्या माणसाने कोणता रंग वापरायचा हे दुसरा ठरवत होता. त्याच्या आदल्याच महिन्यात, डिसेंबर १९२७ मध्ये, बाबासाहेब महाडला आपल्या स्त्रियांना सांगत होते की कमीपणाच्या खुणा अंगावरून उतरवा आणि लुगडे नीट, अंगभर नेसा. रंगाचे कार्ड हातात धरून आपली मुलगी दुकानात उभी राहते आणि "हा नको, तो दाखवा" असे म्हणते, त्यामागे एवढा सगळा रस्ता आहे. म्हणून तिला न विचारता घरातल्या कोणी रंग ठरवणे आम्हाला खटकले.

रहाटे कॉलनीहून तीच ऑरेंज लाईन सरळ ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत जाते. तिथून कामठीला ड्रॅगन पॅलेसला गेलो. १९९९ साली ॲड. सुलेखा कुंभारे यांच्या पुढाकाराने आणि जपानच्या नोरिको ओगावा यांच्या दानातून हे विहार उभे राहिले. आत चंदनाच्या लाकडात घडवलेली बुद्धमूर्ती आहे, बाहेर हिरवळ. आत बसल्यावर मुलीची आई बराच वेळ काही बोलली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "इथं डोळ्याला भांडण नाही." आमच्या मते लहान खोलीसाठी याहून चांगला सल्ला कोणी देणार नाही. दहा बाय आठमध्ये एक भिंत जांभळी, दुसरी पोपटी, मधून सोनेरी पट्टा, असे केले की डोळ्याला भांडण लागते. भिंतींचा रंग एकच, छत पांढरे, आणि दुसरा रंग ठेवायचाच तर थोडक्या जागी.

आता वास्तूचे गुलाबी प्रकरण. केसमुत्त गावच्या कालामांना तथागतांनी सांगितले होते की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून पाहा. रोजच्या धम्मवंदनेत आपण 'एहिपस्सिको' म्हणतो. त्याचा अर्थ, या आणि पाहा. मग भिंतीच्या बाबतीत तरी न पाहता का मानावे? दिशा जरूर बघावी, पण ग्रहांची नव्हे, सूर्याची. उत्तरेच्या खोलीत दिवसभर सारखा, थोडा थंड उजेड असतो. तिथे क्रीम किंवा फिका पिवळा बरा वाटतो. पश्चिमेच्या खोलीत दुपारनंतर तांबूस ऊन घुसते आणि भिंतीवरचा लाल-गुलाबी रंग आणखी भडकतो.

आम्ही दुकानातून तीन छटांचे लहान डबे आणले होते. गडद निळा, गुलाबी आणि दीक्षाभूमीच्या दगडाशी जुळणारा फिका पिवळसर. खिडकीसमोरच्या आणि बाजूच्या भिंतीवर प्रत्येकी दोन फुटांचे चौकोन रंगवले. मुलीने वहीत तीन रकाने आखले, सकाळी सात, दुपारी चार आणि रात्री नऊ. चार दिवस घरातल्या प्रत्येकाने पाहून मत लिहायचे. आजीचे मत नात लिहून घेई. चौथ्या दिवशी वहीने निकाल दिला. निळा सकाळी भारदस्त दिसला, पण रात्री त्याच्याजवळ पुस्तक धरले की उजेड कमी पडे, कारण गडद भिंत उजेड गिळते, परत देत नाही. गुलाबी चार वाजताच्या उन्हात विटेसारखा झाला. पिवळसर तिन्ही वेळा जागेवर राहिला. भावानेच खाली सही केली.

निळा मात्र घराबाहेर गेला नाही. आजीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे आणि रात्री उठल्यावर तिला दार सापडत नव्हते. भिंत आणि दार एकाच फिक्या रंगाचे असले की म्हाताऱ्या डोळ्यांना कड दिसत नाही. म्हणून दार आणि चौकट निळ्या ऑईल पेंटने रंगवायची ठरली. फिक्या भिंतीवर निळी चौकट मंद दिव्यातही उठून दिसते. भावाचा निळा आजीच्या कामाला आला.

उन्हाबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि लोक विचारतात, आत कोणता रंग दिला तर खोली थंड राहील? आतल्या रंगाने डोळ्याला गारवा वाटेल, पण उकाडा फारसा कमी होत नाही. उष्णता येते ती स्लॅबमधून किंवा टिनातून आणि पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीतून. म्हणून गच्चीवर आणि त्या बाहेरच्या भिंतीवर पांढरा द्यावा. तिथे आजीचा चुना आजही उत्तम. पांढरा रंग ऊन परतवून लावतो. अहमदाबादसारख्या शहरात गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्याची मोहीमच घेतली गेली आहे. कूलरच्या खिडकीभोवतीची भिंत ओल धरते, तेवढ्या भागाला पुसता येणारा रंग द्यावा. आईचा मळखाऊचा मुद्दाही खाली तीन फुटांपर्यंत तसाच रंग देऊन सुटतो. भिंत ओली असेल तर घाई करू नये. आधी गळती शोधावी, भिंत वाळू द्यावी. ओलीवर दिलेल्या रंगाचे पोपडेच निघतात.

आणखी एक गोष्ट लहान मुलांच्या घरासाठी फार महत्त्वाची आहे. जुन्या ऑईल पेंटमध्ये शिसे असू शकते आणि शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते. सरकारने २०१६ साली नियम केला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे चालत नाही. म्हणून नवा डबा घेताना त्यावर तशी नोंद आहे का ते वाचावे. जुनी दारे-खिडक्या घासताना कोरडा पॉलिश पेपर मारू नये, पाणी लावून घासावे. मुलांना आणि गरोदर बाईला तेवढा वेळ दुसरीकडे ठेवावे आणि धूळ झाडू न मारता ओल्या फडक्याने टिपावी. पेंटरलाही तोंडाला बांधायला चांगला मास्क द्यावा. अनेक वस्त्यांत आपलीच तरुण मुले हे काम करतात. पुट्टीची धूळ त्यांच्या छातीत जाते. रंग महागातला घ्यायचा आणि मजुरीत मात्र घासाघीस करायची, हे बरे नव्हे.

बंधू-भगिनींनो, शाळकरी वयात भीमराव लोअर परळच्या डबक चाळीतील एका खोलीत राहत होते. स्वयंपाक, झोपणे, सरपण, सारे तिथेच. वडील मध्यरात्रीनंतर दोनला उठवीत आणि मिणमिणत्या दिव्यात अभ्यास चाले. त्या खोलीच्या भिंती कोणत्या रंगाच्या असाव्यात हे विचारण्याची सोय त्यांना नव्हती. आज आपल्या बहुतेक घरांत खोल्या लहानच आहेत, कर्जाचे हप्तेही आहेत, पण ही सोय आली आहे. येत्या विजयादशमीआधी घर रंगवायला काढाल तेव्हा रंगाचे कार्ड आधी त्या खोलीत राहणाऱ्याच्या हाती द्या. मुलगी असेल तर मुलीच्या, सून असेल तर सुनेच्या, म्हातारी आई असेल तर तिच्या. दोन फुटांचा चौकोन रंगवा, चार दिवस पाहा, वहीत लिहा आणि मगच डबा आणा. खर्च तोच राहील. जयभीम!